आधी फोटो, मग जागा, मग पट्टी : फ्रेम करून घेताना काय पाहावं



या वेळचा धडा आहे फोटोच्या फ्रेमचा. तुम्ही म्हणाल, यात शिकायचं ते काय? दुकानात जायचं, फोटो द्यायचा, आवडली त्या पट्टीवर बोट ठेवायचं आणि चार दिवसांनी फ्रेम घेऊन यायची. बहुतेक जणी असंच करतो. पण एकदा घरातल्या भिंतीकडे नीट पाहा. कुठं सासऱ्यांच्या फोटोला आतून बुरशी आलेली असते. कुठं लग्नाचा फोटो काचेला चिकटून नेमका चेहऱ्यावरच डाग पडलेला असतो. कुठं पट्टीचा कोपरा उघडून काच खाली सरकलेली असते. पट्टी पुन्हा मिळते, काचही मिळते. पण आतला माणूस पुन्हा फोटो काढायला येऊन बसत नाही.

म्हणून या धड्याचं सूत्र एकच आहे. आधी आतला फोटो पाहायचा, मग तो लावायची जागा, मग पट्टीची खाच. रंग आणि नक्षी सगळ्यात शेवटी. दुकानात मात्र आपल्याला उलट्या क्रमाने दाखवतात. भिंतीवर चकाकणारे पट्ट्यांचे कोपरे टांगलेले असतात आणि आपली नजर आधी तिथंच जाते.

१. फ्रेमचे भाग ओळखा

फ्रेम म्हणजे नुसती पट्टी नाही. समोरून पाहिलं तर आधी काच. काचेमागे कधी मधे चौकोन कापलेला जाड कागदी पुठ्ठा, त्याला माउंट म्हणतात. त्यामागे फोटो. फोटोच्या मागे आधाराला जाड पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड. आणि हे सगळं चारही बाजूंनी धरून ठेवते ती पट्टी. पट्टी आतल्या बाजूने मागून कोरलेली असते, ती तिची खाच. काच आणि फोटो त्या खाचेत बसतात. पट्टीचे चार तुकडे तिरपे, ४५ अंशांत कापून कोपऱ्यात जोडतात. म्हणून काप एका केसाने जरी चुकला तरी कोपऱ्यात फट दिसते.

पट्टीचा नमुना हातात घेतला की तो उलटा करून पाहा. पुढची बाजू शोभेची असते, काम मागची बाजू करते.

२. मूळ फोटो एकुलता एक आहे का?

हा पहिला प्रश्न. गटाच्या कार्यालयात ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीसाठी फोटो लावायचा असेल, किंवा घरात तुकडोजी महाराजांचा लावायचा असेल, तर ते छापील चित्र खराब झालं तरी दुसरं आणता येतं. त्याला साधी, स्वस्त पट्टी चालते. पण आईचा तरुणपणीचा एकच फोटो असेल, गेलेल्या मालकांचा एकच फोटो असेल, तर गोष्ट वेगळी.

असा एकुलता एक फोटो फ्रेममध्ये घालूच नका. आधी तो स्कॅन करून घ्या. मोबाइलवर फोटोचा फोटो काढला तर काचेची चकाकी आणि हाताची सावली त्यात येते. स्कॅन करणाऱ्याला सांगा, किमान ६०० डीपीआयवर करा. फोटो पासपोर्ट आकाराचा असेल तर १२०० वर. ती फाइल घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये आणि एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवा. फ्रेममध्ये जाईल ती नवी प्रत. मूळ फोटो साध्या कागदी पाकिटात घालून, कपाटात कोरड्या जागी ठेवा. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून नाव लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतो. नाव-गाव पाकिटावर लिहा.

जुन्या फ्रेममध्ये फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकटच स्कॅन करून घ्या.

आणि एक. फ्रेमच्या मापात बसवायला मूळ फोटो कधीही कापू देऊ नका. प्रमाणपत्रांच्या बाबतीत हे फार होतं. आपली प्रमाणपत्रं बहुतेक ए-फोर कागदावर असतात, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. दुकानात तयार मिळणारी '८ बाय १२'ची फ्रेम असते जवळपास २०३ बाय ३०५. म्हणजे रुंदीत सात मिलिमीटर कमी पडतात. मग दुकानदार कडेची किनार कापून मोकळा होतो. तुम्ही आधीच सांगा : ए-फोरची फ्रेम हवी, कागदाला कात्री लावायची नाही.

३. फोटो लहान असेल तर मोठा ताणू नका

कित्येक घरांत गेलेल्या माणसाचा एकच फोटो उरतो, तो आधार कार्डावरचा किंवा फॉर्मला लावलेला पासपोर्ट फोटो. तो असतो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. तेवढ्या फोटोचा १२ बाय १५ इंच केला तर तो साडेआठ पटींहून जास्त ताणला जातो. डोळे धूसर होतात, चेहरा ओळखीचा राहत नाही. मग स्टुडिओत रंग भरून चेहरा आणखी बदलतो.

त्यापेक्षा फोटो ५ बाय ७ इंचच करा. त्याच्या चारही बाजूंना अडीच इंचाचं पांढरट किंवा दुधी रंगाचं माउंट घ्या. सगळं मिळून माप होतं १० बाय १२ इंच. भिंतीवर फ्रेम भरल्यासारखी दिसते आणि माणूस माणसासारखा दिसतो. दुकानात मोठी पट्टी आणि मोठा फोटो सुचवतील. तुम्ही लहान फोटो आणि मोठं माउंट मागा.

माउंटचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. ते काच आणि फोटो यांच्यात थोडी जागा ठेवतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा काचेच्या आतून धरतो. फोटो काचेला टेकलेला असेल तर तिथंच चिकटतो. मधे माउंट असेल तर बचाव होतो. माउंट नको असेल तर काच आणि फोटो यांच्यात कडेने बारीक पट्टी टाकायला सांगा. आणि फोटोच्या मागे वर्तमानपत्र किंवा खोक्याचा पुठ्ठा लावू देऊ नका. तो कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटोही पिवळा करतो.

४. पट्टी कशाची?

आपल्याकडे साधारण चार प्रकार मिळतात.

प्लास्टिकची पट्टी : दुकानात हिला 'सिंथेटिक' किंवा 'फायबर' म्हणतात. सोनेरी, लाकडी, काळी अशा सगळ्या रंगांत मिळते. हिला वाळवी, म्हणजे आपली उदई, लागत नाही. पाण्याने फुगत नाही. वजनाला हलकी, किमतीला परवडणारी. पण चुलीच्या किंवा दिव्याच्या आचेने नरम पडते आणि मोठ्या जड काचेला पुरत नाही. हिचा सोनेरी मुलामा खरबरीत कापडाने पुसला तर निघतो. लाकडावर चालणारा पांढरा डिंक हिला नीट धरत नाही. म्हणून कोपरा कशाने जोडता, ते विचारा.

दाबलेल्या भुशाची पट्टी : म्हणजे एमडीएफ, वरून छापील कागद चिकटवलेला. दिसायला सरळ आणि सुबक. कोरड्या, पक्क्या भिंतीवर छान टिकते. पण ओल लागली की फुगते आणि एकदा फुगली की परत बसत नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीसाठी ही घेऊ नका.

खऱ्या लाकडाची पट्टी : आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सागाची जंगलं आहेत, त्यामुळे सागवान आपल्याला नवीन नाही. सागाच्या गाभ्याच्या लाकडात तेल असतं. ते उदईला सहज दाद देत नाही आणि हवेप्रमाणे फार वाकतही नाही. पण सालीकडचा पांढरट भाग तसा नसतो, त्याला कीड लागते. पट्टी घेताना रंग पाहा, एका कडेला पांढरट पट्टा असेल तर दुसरी मागा. आंब्याच्या लाकडाला औषध दिलेलं नसेल तर भुंगा पोखरतो, पट्टीखाली पिवळं पीठ पडलेलं दिसतं. आणि आपल्या गावाच्या नावातली बाभूळ? बैलगाडीला, औताला तिच्यासारखं लाकूड नाही. पण ती जड आणि टणक. बारीक पट्टीवर रंधा मारणं आणि तिच्यात बारीक खिळा ठोकणं जिकिरीचं होतं. गावातल्या सुतारदादांकडून सागाची साधी सपाट पट्टी करून घेता आली तर ती दुकानातल्या नक्षीपेक्षा जास्त वर्षं टिकेल.

अॅल्युमिनियमची पट्टी : पातळ, हलकी, उदईची किंवा ओलाव्याची भीती नाही. कोपरे स्क्रूने घट्ट होतात, म्हणून उघडून आतला कागद बदलता येतो. गटाची प्रमाणपत्रं, नियमावली, दरपत्रक यांना चांगली.

५. खाच मोजा, वजन मोजा

आता पट्टी उलटी करा. खाचेची खोली पाहा. काच २ मिलिमीटर, माउंट दीड, मागचा हार्डबोर्ड ३, शिवाय फोटो. झाले साडेसहा-सात मिलिमीटर. वरून खिळी मारायला जागा हवी. म्हणून खाच ८ ते १० मिलिमीटर खोल असलेली बरी. खाच उथळ असली की मागचा पुठ्ठा बाहेर येतो, खिळ्या सुटतात, फटीतून धूळ आणि कसर आत शिरते. मग कितीही महाग पट्टी असो, तीन पावसाळ्यांत फोटो गेलाच समजा.

खाचेची रुंदीही पाहा. पट्टीची पुढची कड फोटोची चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर जागा झाकते. प्रमाणपत्राच्या अगदी कडेला सही-शिक्का असेल, फोटोत कडेला उभ्या आत्याबाई असतील, तर त्या पट्टीखाली जातील. तिथंही माउंटच उपयोगी पडतं, थोडं मोठं माप घेता येतं.

वजनाचा हिशेब सोपा आहे. २ मिलिमीटर जाडीची काच एका चौरस फुटाला अर्ध्या किलोपेक्षा थोडी कमी भरते, जवळपास ४६५ ग्रॅम. १२ बाय १८ इंचाचा फोटो म्हणजे दीड चौरस फूट, काच सातशे ग्रॅमची. ही प्लास्टिकच्या इंचभर पट्टीत आरामात राहते. पण २ बाय ३ फुटांचा फोटो म्हणजे ६ चौरस फूट, नुसती काच पावणेतीन किलोंच्या वर. त्याला अर्ध्या इंचाची पट्टी लावली तर कोपरे उघडणारच. मोठ्या फोटोला रुंद आणि जाड लाकडी पट्टी घ्या, किंवा काचेऐवजी अॅक्रिलिक घ्या. त्याच जाडीचं अॅक्रिलिक काचेच्या साधारण निम्म्या वजनाचं असतं. मात्र त्याला ओरखडे लवकर पडतात.

६. आता रुंदी, उतार आणि रंग

इथवर आल्यावर मग शोभेचा विचार.

रुंदी : माउंट असेल तर पट्टी माउंटपेक्षा अरुंद घ्या. दोन्ही सारख्या रुंदीची असली की पट्ट्यापट्ट्यांच्या लुगड्यासारखं दिसतं, नजर फोटोवर ठरत नाही. ५ बाय ७ च्या फोटोला अडीच इंचाचं माउंट आणि पाऊण इंचाची पट्टी चांगली दिसते.

उतार : पट्टी आतल्या बाजूला उतरती असेल तर नजर आपोआप फोटोकडे जाते. माणसाच्या चेहऱ्याला ही चांगली. खोल नक्षीची पट्टी चुलीच्या खोलीत लावू नका. नक्षीत काजळी आणि धूळ बसते, ती पुसता पुसता मुलामा जातो.

रंग : काळ्या-पांढऱ्या जुन्या फोटोला काळी किंवा गडद तपकिरी पट्टी, फार तर आतून एक बारीक सोनेरी रेघ. रंगीत फोटोतला एखादा गडद रंग पाहा आणि त्याच्या जवळची पट्टी घ्या. लग्नाच्या फोटोत शालूची जर चमकत असते, त्याला हलका सोनेरी रंग शोभतो. प्रमाणपत्राला साधी काळी किंवा तपकिरी.

देवादिकांच्या चित्रांना सोनेरी पट्टी, हे आपल्या नजरेत पक्कं बसलं आहे. पूर्वी देवाचं रंगीत चित्र सामान्य माणसाच्या घरात नव्हतं. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना सुरू झाला. मग १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं घरोघर गेली. त्या भरजरी चित्रांना सोनेरी चौकट खुलून दिसते. पण तीच चौकट आजीच्या साध्या नऊवारीतल्या काळ्या-पांढऱ्या फोटोला लावली तर आधी सोनं दिसतं, आजी नंतर दिसते.

नमुन्याचा कोपरा फोटोवर ठेवूनच पाहा आणि दुकानाबाहेर उजेडात आणून पाहा. दिव्याच्या उजेडात सगळ्या पट्ट्या सुंदर दिसतात.

७. पट्टी किती लागेल? हिशेब आपणच करा

पट्टी फुटावर विकतात. हिशेब असा : फोटोची (माउंट असेल तर माउंटसकट) लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन. त्यात पट्टीच्या रुंदीच्या आठपट मिळवा, कारण चार कोपऱ्यांत तिरप्या कापात तेवढी पट्टी जाते. वर करवतीसाठी चार इंच धरा.

उदाहरण : फोटो १२ बाय १८ इंच, पट्टी १ इंच रुंद. १२ अधिक १८ म्हणजे ३०, दुप्पट ६०. पट्टीचे ८, करवतीचे ४. एकूण ७२ इंच, बरोबर ६ फूट. हीच पट्टी २ इंच रुंद घेतली तर ६० अधिक १६ अधिक ४, म्हणजे ८० इंच. रुंद पट्टीचा फुटाचा भाव जास्त असतोच, शिवाय ती लागतेही जास्त. पैसे दोन्हीकडून वाढतात.

ज्या गटांना फ्रेमचं काम व्यवसाय म्हणून करायचं आहे, त्यांनी उरलेल्या तुकड्याचाही हिशेब ठेवावा. समजा पूर्ण पट्टी साडेनऊ फुटांची, म्हणजे ११४ इंच आहे. ७२ इंच वापरली, उरले ४२. याच १ इंच पट्टीच्या ५ बाय ७ च्या फ्रेमला लागतात २४ अधिक ८ अधिक ४, म्हणजे ३६ इंच. उरलेल्या तुकड्यात एक लहान फ्रेम बसते. तो तुकडा कोपऱ्यात फेकला तर नफा तिथंच गेला. सुरुवातीला शाळा आणि ग्रामपंचायतीच्या प्रमाणपत्रांसाठी एकाच मापाच्या ए-फोर फ्रेम करा. एकच माप असलं की काप चुकत नाही आणि माल पडून राहत नाही.

८. घरी आणल्यावर

आपण काचेवर हळद-कुंकू लावतो, मग पाणी शिंपडून पुसतो. ते पाणी ओघळून खालच्या पट्टीच्या खाचेत जातं आणि फोटो खालून कुजायला लागतो. म्हणून कापड ओलं करून पिळा आणि मग पुसा, काचेवर पाणी टाकू नका. हारासाठी पट्टीत खिळा ठोकू नका. ओल्या फुलांचं वजन कोपरा उघडतं. हाराचे खिळे भिंतीत, फ्रेमच्या वर दोन्ही बाजूंना ठोका. समई फ्रेमच्या अगदी खाली ठेवू नका.

फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे छोटे तुकडे चिकटवा. मग भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते, ओल धरत नाही. मागची फट कागदी टेपने बंद करा. टांगायला सुतळी नको, ती कुजते. तार आणि कड्या वापरा, मोठ्या फ्रेमला दोन खिळे. दारातून थेट ऊन येतं त्या भिंतीवर रंगीत फोटो लावू नका. आपल्याकडचा उन्हाळा काही वर्षांत त्याचा रंग उडवतो.

९. आणि फोटो कोणाचा?

शेवटी एक बोलायचं आहे. आपल्याकडे बाईचा फोटो भिंतीवर जातो तो बहुतेक ती गेल्यावर, आणि तेव्हा घरात चांगला फोटो सापडत नाही. मग आधार कार्ड शोधावं लागतं. तुमच्या आईचा, सासूबाईंचा चांगला फोटो आहे का? नसेल तर या महिन्यातच काढा. त्यांना आवडतं ते लुगडं नेसू द्या, अंगणात सकाळच्या उजेडात बसवा. तुमचं गटाचं, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही पेटीत कपड्यांखाली असेल. ते बाहेर काढा. मुलीने येता-जाता आईचं नाव भिंतीवर वाचलं पाहिजे.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न
१. पट्टी कशाची आहे? कोपरा कशाने जोडता?
२. खाच किती खोल आहे?
३. काच आणि फोटो यांच्यात जागा ठेवणार का?
४. मागे काय लावणार? वर्तमानपत्र तर नाही ना?
५. फोटो किंवा कागद कुठूनही कापणार का?

बैठकीतला सराव
पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी फ्रेम आणावी. मागून-पुढून पाहून काय बिघडलं आणि कशामुळे, ते सगळ्यांना सांगावं. मग हा हिशेब करा : १० बाय १२ इंचाची फ्रेम, पट्टी पाऊण इंच रुंद. पट्टी किती लागेल? (उत्तर : ४४ अधिक ६ अधिक ४, म्हणजे ५४ इंच, साडेचार फूट.) ज्यांच्या घरी एकुलता एक जुना फोटो आहे त्यांची नावं सचिवताईंनी लिहून घ्यावीत. सगळे फोटो एकाच दिवशी, दोघी-तिघींनी सोबत जाऊन स्कॅन करून आणावेत. एकटीचं राहून जातं, गटाचं होतं.